कोणत्या घरचा हात?

तासगावला परत आले त्या दिवसापासून शेजारीपाजारी एकच विचारतायत, नाशिकची द्राक्षं आपल्यापेक्षा गोड आहेत का. मी खाल्लीच नाहीत. दसरा होऊन गेला होता, बागांमधून छाटणी चालली होती, वेलीवर दाणाही नव्हता. "मग गेलात कशाला, ताई?" असं धाकट्या भावजयीने विचारलं. तिला सांगायला बसले तर चहा दोनदा झाला तरी सांगणं संपेना. तेव्हा ठरवलं, हे लिहूनच काढावं.

आधी माझ्याबद्दल थोडं. हायस्कुलात मुलींना कबड्डी-खोखो शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. शिट्टी फुंकली की समोरच्याने ऐकायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. त्यात मी सांगली जिल्ह्याची. स्वातंत्र्याच्या लढ्याचं नाव निघालं की आमची छाती आपोआप पुढे येते. कचेरीवर झेंडा कुणी लावला, भूमिगतांना भाकरी कुणी पोचवली, हे आमच्याकडे शाळकरी मुलांना पाठ असतं. बाकीच्या महाराष्ट्राने त्या काळात काय केलं, याची चौकशी करायची आम्हांला फारशी गरज पडलेली नाही.

इंदिरानगर

सुनंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. लग्न होऊन नाशिकला गेली आणि नर्स म्हणून तिने सगळी नोकरी पेठकडच्या डोंगरात, सरकारी दवाखान्यात केली. आता इंदिरानगरात राहते. मला म्हणाली, "तुझ्या सांगलीचं खूप ऐकलं. एकदा आमच्या डोंगरातलं स्वातंत्र्य बघायला ये." मीही म्हटलं, बघू तरी काय आहे ते.

पहिल्या सकाळी तिने मला मिसळ खायला नेलं. मिसळीबरोबर पापड आणि दही आलं. आमच्याकडे मिसळीबरोबर पापड दिला तर माणूस आचाऱ्याला आत जाऊन विचारेल, बाबा, लग्न कुणाचं आहे? मी हे सुनंदाला मोठ्याने ऐकवलं. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी शांतपणे आपला पापड मिसळीत चुरला आणि म्हणाले, "भर नाटकाच्या खेळात इंग्रज कलेक्टरावर गोळी झाडलेलं गाव आहे हे, बाई. पापडाला काय घाबरता?" मी गप्प बसून पापड चुरला. चांगला लागतो, हेही इथे लिहून टाकते.

मिसळ संपते न संपते तोच सुनंदाचा फोन वाजला. पलीकडे हिरा होती. हिरा म्हणजे पेठच्या पलीकडच्या वरच्या पाड्यावरची मुलगी. तिच्या जन्माच्या वेळी सुनंदाच बाळंतपणाला होती. फोन ठेवल्यावर सुनंदाचा चेहरा उतरला होता.

"हिराच्या भावाला सुट्टी मिळत नाही," ती म्हणाली. "तिकडे बागेत छाटणीला गेलाय. एकदा छाटणी धरली की मध्ये सोडता येत नाही. आता पहिला काप कोण घेणार?"

मग तिने सांगितलं ते असं. परकं सरकार होतं तेव्हा पाड्यामागचा डोंगर राखीव करून टाकला होता. स्वतःच्या डोंगरावरचं गवत कापणं हा गुन्हा झाला. तो कायदा मोडायला पाड्यावरचे लोक विळे घेऊन चढले. त्याची आठवण म्हणून दरवर्षी दसऱ्यानंतर एका सकाळी दोन्ही पाडे, वरचा आणि खालचा, मिळून डोंगरावर गवत कापतात. पहिला काप हिराच्या घरचा. त्या घरचा हात लागल्याशिवाय बाकी कुणी गवताला विळा लावत नाही. आणि एखाद्या वर्षी घरचा हात आलाच नाही, तर मान शेजारच्या घरी जातो, तो कायमचा.

"मग हिरा आहे की," मी म्हटलं.

"तीच तर अडचण आहे," सुनंदा म्हणाली.

पेठचा बाजार

एसटीने सावळघाट चढताना खिडकीतून बघत राहावं असं होतं. उतारांवर खुरासणी फुललेली, सगळे डोंगर पिवळे. आमच्याकडे डोंगर म्हणजे उन्हाने भाजलेला दगड. इथे दगड शोधावा लागतो. मला हे कबूल करायला जड गेलं नाही, कारण सुनंदा झोपली होती.

जागी झाल्यावर तिने अडचण सांगितली. हिराचं लग्न खालच्या पाड्यावर झालं होतं. नवरा वलसाडकडे कामाला गेला आणि तिकडेच त्याने दुसरा संसार मांडला. हिरा पाच-सहा वर्षं सासूबरोबर राहिली. शेवटी होळीनंतर माहेरी निघून आली. सासू मंजुळाबाई हे मानायला तयार नाही. ती सगळीकडे सांगते, पोरगा गेला तर गेला, हिरा माझी आहे. आणि डोंगरावरच्या त्या सकाळी कुणी स्वतःचा विळा वापरत नाही. उसना घ्यावा लागतो. हिराच्या घराने तो मंजुळाबाईच्याच घरून मागायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं.

"एवढंच ना?" मी म्हटलं आणि पेठच्या बाजारात उतरल्या उतरल्या लोहाराच्या पालाकडे गेले. लोहाराची बायको विळे मांडून बसली होती.

"गवताला पाहिजे का भाताला?" तिने विचारलं.

"स्वातंत्र्याला," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि सगळ्यांत महागडा विळा पुढे केला. मी तो घासाघीस न करता घेतला. हा विळा माझा. मी तो हिराला उसना देणार. मंजुळाबाईच्या दारात जायची गरजच नाही. पाड्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये सुनंदा मात्र खिडकीकडे तोंड करून हसत होती, असा मला संशय आहे.

वरचा पाडा

हिराची आई ठकूबाई अंगणात नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं निवडत बसली होती. गुडघे पार गेलेले, भिंतीला धरून उठते. "शिस्टर आली," असं म्हणून तिने सुनंदाच्या तोंडावरून हात फिरवला. मी मास्तरीण आहे हे कळल्यावर मी तिची 'बाई' झाले.

जेवायला नागलीची काळी भाकरी, उडदाची दाट आमटी आणि मिरचीचा ठेचा. आमची ज्वारीची भाकरी मऊ असते. ही भाकरी दाताला काम देते, पण खाल्ल्यावर संध्याकाळपर्यंत भुकेची आठवण होत नाही. हिरा वाढत होती. तिशीची, सडपातळ, बोलायला कमी. घरामागे तिने स्ट्रॉबेरीची रोपं लावली होती आणि दर थोड्या वेळाने ती त्यांच्याकडे बघून येत होती.

जेवण झाल्यावर मी विळा काढला. ठकूबाईने तो हातात घेऊन उजेडात धरला, धारेवरून अंगठा फिरवला.

"लय चांगला हाय," ती म्हणाली. "पण बाई, यानं अजून काय कापलंय?"

"काही नाही. नवा आहे."

"मग हा तुमचाबी नाय अजून. दुकानाचाच हाय. उसना कसा देणार?"

तिने विळा प्रेमाने हिराकडे दिला आणि हिराने त्याने भोपळा चिरला. माझ्या बेताचा तिथेच निकाल लागला.

मग ठकूबाईने मला मूळ गोष्ट सांगितली. कणसं निवडता निवडता सांगत होती, मी ऐकता ऐकता निवडत होते.

"तिकडं समुद्रावर लोक मीठ उचलतेत, असं इथं कळलं. आता आमाला समुद्र कुठला? आमाला गवत. तर सगळे गडी विळे घेऊन डोंगरावर गेले. पोलीस आले. विळे काढून घेतले, गडी बांधून नेले. विळ्यांचा ढीग बैलगाडीत घालून नेला. दुसऱ्या दिवशी पाड्यावर एक गडी नाय, एक विळा नाय. माझ्या सासऱ्याची आई होती, ती म्हणाली, गडी नेले, गवत तर हाय ना? ती खालच्या पाड्यावर गेली. मंजुळेच्या घरी. तिच्या सासऱ्याच्या घरी. तिथून विळा मागितला आणि बायका घेऊन चढली. पहिला काप तिचा."

"खालच्या पाड्याने लगेच दिले विळे?"

"नाय. तेवढं सोपं नव्हतं. पोलिसांनी आदल्या रात्रीच एक माणूस धाडला होता. मीबी तुमच्यातलाच, मला विळे द्या, असं गोड बोलत घरोघर फिरत होता. म्हणून खालच्या बायका ओळख पटल्याबिगर द्यायच्या नाय. विचारायच्या, कोणत्या घरचा हात? घर बरोबर सांगितलं, तर विळा. आजबी तसंच विचारतेत. आणि विळे दिल्यावर त्यांच्याकडं काय राहिलं? काय नाय. म्हणून आता ते आमचे घेतेत, आमी त्यांचे. आमीबी तसंच विचारतो."

मी निवडायची थांबले होते. आमच्याकडे बंदुका होत्या, पत्रकं होती, घोड्यावरून फिरणारे पुढारी होते. इथे एक बाई होती, जिच्या घरात विळाही उरला नव्हता, आणि तरी ती दुसऱ्याच दिवशी डोंगर चढली. मला तिचा अभिमान वाटला आणि ती माझ्या जिल्ह्याची नाही याचं वाईटही वाटलं.

तिसऱ्या प्रहरी लहानूबाबा आले. पाड्यावरचे वडीलधारे, डोक्याला पांढरं पागोटं, चालताना हात पाठीमागे. त्यांनी बसायच्या आधीच विषय काढला.

"ठकू, पोर चांगली हाय, माझं काय म्हणणं नाय. पण ती मंजुळेच्या घरातून रीतीनं सुटली नाय. मंजुळा तिला आपल्याच घरची म्हणते. मग हिरा त्या घरचा हात झाली. आपल्याच घरचा विळा आपणच मागायचा, असं कुठं असतं का?"

माझ्या तोंडात शिट्टी नव्हती म्हणून बरं; सुनंदाने माझा हात धरून ठेवला होता.

हिरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, ज्या आजीनं पहिला काप घेतला, ती तरी या घरात जन्मली नव्हती. ती ज्या घरात राहत होती, त्या घरचं नाव तिनं सांगितलं. मी या घरात राहते. आत्या विचारू दे मला. ती विळा देईल नाय तर देणार नाय." सासूला ती अजून आत्या म्हणत होती.

लहानूबाबांनी थोडा विचार केला. "मंजुळेनं विळा दिला, तर पुढं कुणी बोलणार नाय," ते म्हणाले. "नाय दिला, तर मान शेजारी जाईल. ते तुमी आधीच धरून चाला."

ते गेल्यावर ठकूबाई लेकीला एवढंच म्हणाली, "भीती वाटते का?" हिरा म्हणाली, "वाटते." आणि रोपांना पाणी घालायला गेली.

खालचा पाडा

सकाळी दव इतकं होतं की पायवाटेवर माझे बूट घसरले आणि मी, राज्यपातळीच्या संघांना पळायला शिकवलेली बाई, सगळ्या पाड्यासमोर बसकण मारून खाली आले. सगळे हसले, मीही हसले. निदान तेवढा वेळ तरी कुणाचं हिराकडे लक्ष नव्हतं.

लोकांनी आपापले विळे फडक्यात गुंडाळून काखेत धरले होते. खालच्या पाड्यावर दारोदार तो प्रश्न ऐकू येऊ लागला. कोणत्या घरचा हात? माणसं घराचं नाव सांगत, विळा मिळे, मग तिकडचा माणूस तोच प्रश्न ऐकून इकडचा विळा घेई. काहीजण चेष्टेत लांबलचक घराणं सांगत. एक म्हातारा तर पणजोबापासून सुरू झाला आणि त्याच्या भाच्याने त्याला मध्येच विळा देऊन टाकला. वनखात्याचा तरुण रखवालदारही आला होता, गणवेशात, चहा पीत. आता डोंगरावरच्या गवतावर कायद्यानेच पाड्यांचा हक्क आहे. ज्या कामासाठी पणजोबांना बांधून नेलं, त्या कामाला आता सरकारी माणूस चहाला येतो.

मंजुळाबाईचं घर शेवटचं. हिरा तिकडे निघाली तशी बाकीची दारं शांत झाली. लहानूबाबा थोडं मागे उभे राहिले. ठकूबाईला उतरता आलं नव्हतं, ती वर होती.

मंजुळाबाई उंबऱ्यात बसली होती. थोराड बाई, केस पूर्ण पांढरे, मांडीवर विळा. अंगण इतकं स्वच्छ सारवलेलं की त्यावर पावलाचा एकही ठसा नव्हता. त्या घरात आता कुणी येत-जात नाही, हे मला तिथे समजलं आणि माझा तिच्यावरचा राग गेला.

हिरा अंगणाच्या कडेला थांबली. "आत्या, विळा दे."

मंजुळाबाई तिच्याकडे बघत राहिली. जिला तिने पाच-सहा वर्षं आपल्या हाताने वाढलं, जिच्या दुखण्याखुपण्यात ती रात्र जागली असेल, तिला तिने ओळख विचारायची होती.

"कोणत्या घरचा हात?"

"वरच्या पाड्याच्या ठकूबाईच्या घरचा," हिरा म्हणाली.

मंजुळाबाईने विळा उचलला नाही. तिने पुन्हा विचारलं. दोनदा विचारायची रीत नाही, हे मागच्या कुजबुजीवरून कळलं. "कोणत्या घरचा हात, हिरे?"

हिराचा आवाज वाढला नाही, पण डोळे भरले. "आत्या, त्याच घरचा. वरच्या पाड्याच्या. ठकूबाईच्या."

मला शेकडो सामने आठवतात. शेवटच्या मिनिटाला श्वास धरून उभी राहिलेली मैदानं आठवतात. त्या अंगणात होती तशी शांतता मी कुठल्याच मैदानावर अनुभवलेली नाही. मंजुळाबाईने एकदा अंगणाकडे पाहिलं, एकदा डोंगराकडे. मग विळा पात्याकडून धरला आणि मूठ हिराच्या दिशेने पुढे केली.

"मूठ ढिली झाली होती," ती म्हणाली. "काल ठोकून घेतली. तुझा हात लहान हाय म्हणून तासून बारीक केली."

हिराने विळा घेतला. म्हणजे आदल्या दिवशीच मंजुळाबाईने या हातासाठी मूठ तयार करून ठेवली होती, आणि तरी प्रश्न दोनदा विचारला होता. देणार हे तिचं ठरलेलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं ते फक्त आशेने.

मला वाटलं झालं. पण कुणीच हललं नाही. रीत अर्धीच झाली होती. मंजुळाबाई उंबरा धरून उठली, अंगण ओलांडून हिरासमोर आली आणि हात पुढे केला. "मला विळा दे, पोरी."

हिराने काखेतलं फडकं सोडलं. आईचा विळा बाहेर काढला. विचारायचं होतं तिलाही, आणि तिला ते जमत नव्हतं. लहानूबाबा मागून हळू म्हणाले, "विचार, हिरा. विचारल्याबिगर देता येत नाय."

"कोणत्या घरचा हात, आत्या?"

मंजुळाबाईने घराण्याचं नाव घेतलं नाही, नवऱ्याचं घेतलं नाही, मुलाचंही घेतलं नाही.

"माझ्या एकटीच्या घरचा," ती म्हणाली.

सुनंदाने माझा हात घट्ट दाबला. मी रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. हिराने मूठ पुढे करून विळा दिला.

डोंगर

डोंगरावर वारा होता. कंबरेएवढं गवत, शेंड्याला पिवळं, बुडाला अजून हिरवं. सगळे एका रांगेत उभे राहिले. कुणी भाषण केलं नाही, कुणी झेंडा लावला नाही, घोषणाही नाही. आमच्याकडे हे सगळं झाल्याशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही, म्हणून मी थोडा वेळ वाटच बघत होते. हिरा एक पाऊल पुढे गेली, वाकली, डाव्या मुठीत गवत धरलं आणि कापलं. तिने ती मूठभर पेंढी डोक्यावर उंच धरली, सगळ्यांना दिसेल अशी. लगेच सगळी रांग वाकली.

मलाही कुणीतरी विळा दिला. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तासगावच्या शाळेतल्या बाईंच्या घरचा." बायका हसल्या, पण विळा मिळाला. दुपारपर्यंत कापलं. पाठ दुसऱ्या दिवशी उठू देईना, ते वेगळं.

ऊन चढलं तेव्हा भारे बांधायला घेतले. गवताचा मोठा भारा एकट्याला उचलून डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याने हात लावावा लागतो. बायका जोडीजोडीने एकमेकींना भारे चढवत होत्या. हिराचा भाऊ नव्हता, आई नव्हती. तिने भारा बांधला आणि त्याच्याशेजारी उभी राहिली. सुनंदा पुढे होणार होती, तेवढ्यात रांगेच्या टोकावरून मंजुळाबाई आली. दोघींनी मिळून भारा उचलला. गवतात हिराचा चेहरा झाकून गेला.

तिथून दोन वाटा फुटतात. एक खालच्या पाड्याला जाते, एक वरच्या. हिरा क्षणभर थांबली. डोक्यावर ओझं असताना मान वळवता येत नाही, त्यामुळे मागे उभ्या असलेल्या मंजुळाबाईकडे तिला बघता आलं नाही.

मंजुळाबाईने तिच्या पाठीला हात लावला आणि तिला वरच्या वाटेला वळवलं.

"नीट जा," ती म्हणाली. "तुझ्या घरी."